परत घ्यायची सोय



पोस्ट मोठी आहे, आधीच सांगते. मुलं झोपल्यावर, चहाचा कप घेऊन वाचा. आणि जुने सायन्स फिक्शन सिनेमे आवडत असतील तर शेवटपर्यंत वाचाच.

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा होता. ओट्यावर दिवाळीच्या चिवड्याचा डबा, त्याच्या शेजारी अर्धवट कोरलेला हॅलोवीनचा भोपळा. आपल्याकडे हे दोन सण दरवर्षी असेच एकमेकांच्या अंगावर येतात. त्यात माझी तेरा वर्षांची लेक रडवेली होऊन शाळेतून आली. सायन्स फेअरचा तिचा फॉर्म परत आला होता.

प्रोजेक्ट साधा होता. वर्गातल्या आठ मैत्रिणी. एक आठवडा फोन उशाशी ठेवून झोपायचं, एक आठवडा खोलीबाहेर ठेवून. रोज सकाळी झोपेची नोंद करायची आणि फरक बघायचा. आपल्याला वाटतं यात काय मोठंसं? पण ज्यांची मुलं मिडल स्कूलमध्ये आहेत त्यांना माहीत असेल, प्रयोगात माणसं असली की इथल्या सायन्स फेअरचे नियम एकदम कडक होतात. प्रयोग सुरू करण्याआधी मंजुरी लागते. भाग घेणाऱ्याची लेखी संमती लागते, त्याच्या आईवडिलांचीही लागते. कुणालाही कधीही, कारण न देता बाहेर पडता येईल असं त्यात लिहावं लागतं. आणि एक रकाना असतो: यात धोका काय, आणि तो कमी करण्यासाठी तुम्ही काय करणार?

लेकीने लिहिलं होतं, ‘धोका: काही नाही.’ टीचरनी त्याखाली रेघ मारून लिहिलं होतं की ‘काही नाही’ हे उत्तर चालत नाही, पुन्हा विचार कर.

मग आम्ही दोघी डायनिंग टेबलवर बसलो. एखादीला रात्री फोन जवळ नसला की भीती वाटू शकते. एखादीची आई रात्रपाळीला असते, तिचा फोन येऊ शकतो. झोप कमी निघाली तर एखादी उगाच घाबरेल. बघता बघता सहा ओळी झाल्या. लेक म्हणाली, ‘आई, इतकं सगळं होतं? मला दिसलंच नव्हतं.’

शनिवार, नाइल्स

त्या शनिवारी आम्ही नाइल्सला गेलो. फ्रीमाँटकरांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. फ्रीमाँट हे शहर १९५६ मध्ये पाच गावं एकत्र करून झालं, त्यातलं एक नाइल्स. टेकडीवर मोठी पांढरी अक्षरं, खाली जुन्या वस्तूंची दुकानं, कॅन्यनमधून जाणारी जुनी आगगाडी. हॉलिवूडचं नाव व्हायच्या काळात इथे एसने कंपनीचा स्टुडिओ होता. १९१२ ते १९१६ ही चार वर्षं. ब्रॉन्को बिली अँडरसनचे काउबॉय सिनेमे इथल्याच टेकड्यांत झाले, आणि चार्ली चॅप्लिनने १९१५ मध्ये इथे पाच सिनेमे केले. ‘द ट्रॅम्प’ त्यातलाच. तिथे आता मूकपटांचं म्युझियम आहे, आणि १९१३ सालच्या छोट्याशा एडिसन थिएटरमध्ये शनिवारी रात्री मूकपट दाखवतात. सोबत कुणीतरी खरंखुरं पियानो वाजवत असतं. मुलांना एकदा तरी न्या. दहा मिनिटांत मोबाइल विसरतात, स्वानुभव आहे.

परत येताना लेकीने विचारलं, ‘एडिसन म्हणजे बल्बवाला एडिसन? त्याचा सिनेमाशी काय संबंध?’ घरी येऊन शोधलं, तर बल्बवाल्या एडिसनची सिनेमे काढणारी कंपनीही होती. आणि तिने १९१० मध्ये ‘फ्रँकेन्स्टाइन’ काढला होता. जेमतेम पंधरा-सोळा मिनिटांचा. बरीच वर्षं तो हरवला असंच समजत होते. मग विस्कॉन्सिनमधल्या एका संग्राहकाकडे प्रत निघाली. आता लायब्ररी ऑफ काँग्रेसने तो नीट करून सगळ्यांना बघायला मोकळा ठेवला आहे.

हॅलोवीनचेच दिवस. शेजारच्या दारात हिरव्या तोंडाचा, मानेत बोल्ट घातलेला फ्रँकेन्स्टाइन उभाच होता. (लेकीने लगेच दुरुस्ती केली: फ्रँकेन्स्टाइन हे त्या राक्षसाचं नाव नाही, बनवणाऱ्याचं आहे!) दिवे बंद करून आम्ही बघायला बसलो.

त्यात वीज नाही, प्रयोगशाळा नाही. एक हुशार विद्यार्थी मोठ्या कढईत रसायनं घालतो, दार बंद करतो आणि झडपेतून आत बघत राहतो. आत एक सांगाडा हळूहळू मांस धरू लागतो. त्यासाठी म्हणे एक पुतळा जाळला आणि ती फिल्म उलटी फिरवली. १९१० सालची युक्ती, पण अजून अंगावर येते. तोपर्यंत या पोराचा चेहरा नुसता उजळलेला असतो. आणि ते बाहेर येतं, तेव्हा तो काय करतो? घाबरून पळतो.

शेवटी तो राक्षस आरशासमोर येतो, स्वतःला बघतो आणि नाहीसा होतो. पण आरशातलं त्याचं रूप तसंच राहतं. मग बनवणारा आत येतो, आरशात बघतो, तर त्याच्या जागी राक्षस. काही क्षणांनी तिथे हळूहळू त्याचाच चेहरा येतो.

लेक एकदम गप्प होती. मी म्हटलं, चला, भीती वाटली वाटतं. तर म्हणाली, ‘आई, तुमच्या ऑफिसमध्ये असा फॉर्म असतो का? धोक्याचा?’

मी काय काम करते

आता हे सांगणं भाग आहे. मी इथे एका कंपनीत ॲपवर काम करते. कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही, तुमच्यापैकी निम्मे लोक अशाच ठिकाणी आहेत. माझ्या टीमचं काम एका वाक्यात सांगायचं तर माणूस ॲपमधून गेला की त्याला परत आणणं. दोन वर्षांपूर्वी मी एक गोष्ट सुचवली होती. रोज ॲप उघडलं की सलग दिवसांची माळ वाढत जाते, एक दिवस चुकला की तुटते. ती तुटू नये म्हणून रात्री एक नोटिफिकेशन जातं. आम्ही निम्म्या लोकांना ते लावलं, निम्म्यांना नाही, आणि मोजलं. माळवाले लोक खूप जास्त परत आले. टीमला शाबासकी मिळाली, मला बोनस मिळाला. त्याच पैशातून नाशिकला आईसाठी मोठ्या स्क्रीनचा टॅब घेतला, ज्यावर ती नातीशी बोलते.

हे ॲप माझ्या लेकीच्या फोनवर नाही. मीच लावू दिलेलं नाही.

तिला हे अर्थातच माहीत होतं. ‘असतो का फॉर्म?’ तिने परत विचारलं.

मी म्हटलं, लीगलवाले बघतात, प्रायव्हसीवाले बघतात. ‘पण त्या लोकांना विचारता का?’ नाही, म्हटलं, ते अटी मान्य करतात ना सुरुवातीला. ती हसली. अटी कुणी वाचत नाही हे तेरा वर्षांच्या मुलीलाही कळतं. ‘आणि धोका?’

मी म्हणणार होते, ‘काही नाही.’ जिभेवर आलं होतं.

नंतर मला आठवलं. २०१४ मध्ये एक पेपर छापून आला होता, त्यावर तेव्हा मोठा गदारोळ झाला होता. फेसबुकने २०१२ मध्ये एक आठवडाभर ६,८९,००३ लोकांच्या फीडमधला आनंदी किंवा दुःखी मजकूर कमी करून बघितला होता, त्यांच्या स्वतःच्या लिहिण्यावर परिणाम होतो का हे मोजायला. त्या लोकांना वेगळं काही विचारलं नव्हतं. तेव्हा मी लंच टेबलवर मोठमोठ्याने नावं ठेवली होती. आठ मैत्रिणींसाठी आठ संमतीपत्रं, आणि सहा लाख नव्वद हजार लोकांसाठी शून्य. पण मी स्वतः जे केलं ते त्याच रांगेतलं आहे, हे लक्षात यायला माझी मुलगी लागली.

आजीचा भस्मासुर

साडेनऊ वाजले होते, म्हणजे नाशिकला रविवारचे सकाळचे दहा. आजीचा फोन यायची वेळ. लेकीने उत्साहाने सगळा सिनेमा सांगितला. आजी म्हणाली, ‘अगं, हा तर आपला भस्मासुर!’

गोष्ट तुम्हाला माहीत आहे. शंकर प्रसन्न होतो, भस्मासुर मागतो की मी ज्याच्या डोक्यावर हात ठेवीन तो भस्म व्हावा. शंकर ‘तथास्तु’ म्हणतो. आणि भस्मासुर पहिला हात ठेवायला निघतो तो शंकराच्याच डोक्यावर. शेवटी विष्णू मोहिनी होऊन नाचतो, तिची नक्कल करता करता तो आपलाच हात आपल्या डोक्यावर ठेवतो.

आजी पक्की नाशिककर. पुढचं ओघानेच आलं: ‘दादासाहेब फाळक्यांनी यावर सिनेमा काढला होता, आपल्या नाशकात! हरिश्चंद्रानंतरचा दुसराच.’ ते खरं आहे. ‘मोहिनी भस्मासुर’, १९१३. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये बायकांची कामं पुरुषांनी केली होती, पण या सिनेमात दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमला मोहिनी. त्याच पुढे कमलाबाई गोखले, चंद्रकांत गोखल्यांच्या आई, विक्रम गोखल्यांच्या आजी. मोहिनीचं काम केलं तेव्हा त्या तेरा-चौदा वर्षांच्या होत्या. ‘म्हणजे माझ्याएवढी?’ लेक उडालीच.

मला मात्र गंमत वाटली ती सालाची. नाइल्सचं ते छोटं थिएटर १९१३ चं, आणि भस्मासुरही १९१३ चा. जगाच्या दोन टोकांना माणसं नव्या यंत्राकडे डोळे विस्फारून बघत होती. आणि त्या नव्या यंत्रावर आपल्या माणसाला सांगावीशी वाटलेली दुसरी गोष्ट ही, की मिळालेली ताकद उलटते.

लेकीने विचारलं, ‘आजी, चूक कुणाची? भस्मासुराची ना?’

आजी म्हणाली, ‘भस्मासुर तो भस्मासुरच, बाळा. पण शंकर भोळा. वर दिला, आणि परत घ्यायची सोय ठेवली नाही.’

त्या रात्री मला झोप लागेना. माझ्या डोक्यात तेच वाक्य.

मग आम्ही सिनेमे बघतच सुटलो

पुढचे काही शनिवार आमच्या घरी जुन्या सिनेमांचे झाले. प्रत्येक सिनेमात लेक एकच गोष्ट शोधायची, परत घ्यायची सोय होती का?

१९३१ चा ‘फ्रँकेन्स्टाइन’, तो बोरिस कार्लॉफवाला. मी लहानपणी फक्त भीती म्हणून बघितला होता. आता आई म्हणून बघितला आणि वेगळाच दिसला. तो प्राणी जन्मतः वाईट वागत नाही. उजेडाकडे हात पसरतो. पण त्याला बनवणारा थकतो, त्याचं लग्न ठरलेलं असतं, आणि तो प्राणी पडतो एका मदतनिसाच्या हाती, जो त्याला जळती मशाल दाखवून छळतो. मग ते तळ्याकाठचं दृश्य. छोटी मुलगी त्याला फुलं पाण्यात टाकायला शिकवते, फुलं तरंगतात. फुलं संपतात. तो तिला उचलून पाण्यात टाकतो, ती पण तरंगेल म्हणून. लेक पुटपुटली, ‘त्याला कुणी काही शिकवलंच नाही.’

‘जुरासिक पार्क’ तर माझ्या बालपणाचा. १९९४ मध्ये तो हिंदीत आला तेव्हा मी दहा वर्षांची होते, नाशिकच्या थिएटरात बाबांच्या मांडीत तोंड खुपसून अर्धा बघितला. तेव्हा फक्त डायनासोर आठवत होता. आता बघताना दिसलं की त्या म्हाताऱ्याने सोय ठेवलेली असते! सगळ्या माद्याच बनवायच्या, म्हणजे पिल्लं होणार नाहीत. पण डीएनएची भोकं बुजवायला बेडकाचा डीएनए वापरलेला, आणि काही बेडूक लिंग बदलतात. शिवाय ‘खर्चात कसूर केली नाही’ असं सारखं म्हणणाऱ्या माणसाने अख्ख्या पार्कचं सॉफ्टवेअर सोडलं होतं एका नाराज प्रोग्रामरवर. माझा नवरा इथे इतका हसला की पॉज करावं लागलं. त्याच्या ऑफिसचं तसंच आहे म्हणे.

मला नारळीकरांची ‘वामन परत न आला’ आठवली. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातून आणून एका रात्रीत वाचली होती. नाहीशा झालेल्या एका प्रगत संस्कृतीचं ज्ञान हाती लागतं, त्यावरून वामन नावाचा यंत्रमानव बनतो, आणि त्याला हवं असतं आपल्यासारखे आणखी बनवण्याचं ज्ञान. कृत्रिम बुद्धिमत्तेवर इतकं बोलणं सुरू होण्याच्या कितीतरी आधी हे मराठीत लिहून झालेलं आहे. २०२५ च्या मे महिन्यात सर गेले. मुलांना त्यांची पुस्तकं द्या, वाचून दाखवावी लागली तरी चालेल.

आणि मग ‘गोजिरा’, म्हणजे गॉडझिला, १९५४ चा मूळ जपानी. मला वाटलं होतं रबरी राक्षस बघून मुलगी हसेल. पण तो सिनेमा खऱ्या गोष्टीतून आला आहे. १ मार्च १९५४ ला अमेरिकेने बिकिनी बेटांवर ‘कॅसल ब्राव्हो’ नावाचा हायड्रोजन बॉम्ब फोडून बघितला. अंदाज सुमारे ६ मेगाटनचा, निघाला १५ चा. लिथियमचा जो प्रकार स्फोटात भाग घेणार नाही असं धरलं होतं, त्याने घेतला. आखलेल्या धोक्याच्या हद्दीबाहेर मासे पकडणाऱ्या जपानी बोटीवरच्या २३ माणसांवर राख पडली, आणि तिचा रेडिओ ऑपरेटर सप्टेंबरमध्ये वारला. सिनेमा आला नोव्हेंबरमध्ये. सुरुवातच बोटीपासून आहे.

त्यात डॉ. सेरिझावा नावाचा शास्त्रज्ञ आहे. त्याने गोजिरापेक्षाही भयंकर अस्त्र शोधलेलं असतं, आणि ते तो लपवून ठेवतो. कारण एकदा वापरलं की सत्ताधारी आपल्याला सोडणार नाहीत हे त्याला ठाऊक असतं. शेवटी वापरावं लागतं तेव्हा तो आधी सगळे कागद जाळतो, आणि समुद्राच्या तळाशी स्वतःची दोरी कापून तिथेच राहतो. ते गुपित डोक्यात घेऊन वर यायचंच नाही म्हणून.

लेकीच्या डोळ्यांत पाणी. ‘पण आई, असं असेल तर शोध लावणाऱ्या सगळ्यांनी मरायचं का? की शोधच लावायचे नाहीत?’

मंडळी, या प्रश्नाला मी घाबरत होते. कारण आपण सगळे इथे आलोच महत्त्वाकांक्षेच्या जोरावर. मुलांना रोबोटिक्सला घालतो, गणिताच्या क्लासला सोडतो, आणि वर ‘विज्ञान वाईट’ असं शिकवायचं? ते मला करायचं नव्हतं.

असिलोमार

मग मी तिला असिलोमारची गोष्ट सांगितली. मॉन्टेरीचं ॲक्वेरियम बघायला आपण सगळेच जातो. तिथून जवळच, पॅसिफिक ग्रोव्हला समुद्राकाठी ही जागा आहे. सत्तरच्या दशकात आपल्याच बे एरियात, स्टॅनफर्ड आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या शास्त्रज्ञांनी एका जीवाचा डीएनए दुसऱ्यात जोडायची पद्धत बसवली. मग त्याच क्षेत्रातल्या लोकांना धास्ती वाटली. असा बदललेला जंतू लॅबबाहेर निसटला तर? १९७४ मध्ये स्टॅनफर्डचे पॉल बर्ग आणि इतरांनी जाहीर पत्र लिहिलं की काही प्रयोग तूर्त थांबवू या. बहुतेकांनी थांबवले. फेब्रुवारी १९७५ मध्ये सुमारे १४० जण असिलोमारला जमले, शास्त्रज्ञ, वकील, पत्रकारही. वाद झाले, पण नियम ठरले. प्रयोग जितका धोक्याचा तितकी लॅब बंदिस्त. आणि वापरायचे जंतू मुद्दाम असे दुबळे करायचे की लॅबबाहेर ते जगूच शकणार नाहीत.

‘परत घ्यायची सोय!’ लेक ओरडली.

आणि त्यामुळे विज्ञान मागे पडलं का? १९७८ मध्ये इथेच, साउथ सॅन फ्रान्सिस्कोच्या जेनेन्टेकने जंतूंकडून मानवी इन्सुलिन बनवून घेतलं, १९८२ मध्ये ते बाजारात आलं. नाशिकला आजीच्या फ्रिजच्या दारात जे इन्सुलिन असतं, ते त्याच वाटेवरचं आहे.

एवढं सांगितलं आणि मीच अडकले. कारण मंगळवारी ऑफिसात नव्या टेस्टची मीटिंग होती. रात्रीचं नोटिफिकेशन आणखी उशिरा पाठवायचं, साडेदहाला, आणि त्यात हायस्कूलची मुलंही येणार.

मंगळवार

मी काही झाशीची राणी नाही. आमचं ग्रीन कार्ड अजून रांगेत आहे. नोकरी गेली तर ६० दिवस, हे गणित इथे कुणाला समजावून सांगायला नको. नवऱ्याला आदल्या रात्री सांगितलं तर तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, ‘विचार. पण प्रश्न म्हणून विचार, आरोप म्हणून नको.’ त्याचं बरोबर होतं.

मी लेकीच्या फॉर्मचा फोटो काढून नेला होता. तीन प्रश्न विचारले. कुणाला त्रास होऊ शकतो? त्यांना बाहेर कसं पडता येईल? आणि काही बिघडलं तर थांबवायचं कुणी, कशावरून? खोलीत शांतता. साहेब म्हणाले, सगळं कायद्यात बसतं. मी म्हटलं, हो, बसतं. पण धोक्याच्या रकान्यात काय लिहायचं? मग टेबलाच्या दुसऱ्या टोकाचा एक मुलगा हळूच म्हणाला की त्याच्या बहिणीने ती माळ तुटू नये म्हणून तापात उठून ॲप उघडलं होतं.

सिनेमासारखं काही झालं नाही. टेस्ट रद्द झाली नाही. अठराखालच्यांना तिच्यातून वगळलं, आणि सहा आठवड्यांची मुदत घातली. माळ तुटू न देता सुट्टी घ्यायचं बटण ‘विचाराधीन’ आहे. मी दोन वर्षांपूर्वी सोडलेली माळ अजून लाखो फोनवर फिरते आहे, ती परत घ्यायची सोय माझ्याकडे नाही. तेव्हा ठेवायला हवी होती. आणि पुढच्या रिव्ह्यूमध्ये माझ्या नावापुढे ‘कामाची गती कमी करते’ असं आलं. ते वाचून पोटात गोळा आला, खोटं कशाला बोलू.

हे सगळं लेकीला सांगितलं. मला वाटलं, ती म्हणेल आई, शाब्बास. ती म्हणाली, ‘बस, एवढंच?’

आणि तिचा स्वतःचा प्रयोग

इथे पोस्ट संपणार होती. पण गेल्या आठवड्यात जे झालं ते सांगायलाच हवं.

तिच्या प्रोजेक्टला मंजुरी मिळाली, आठही मैत्रिणींची पत्रं आली, प्रयोग सुरू झाला. आकडे छान येत होते. रोज रात्री ग्राफ काढायची, चेहरा नुसता उजळलेला. अगदी त्या कढईवाल्या पोरासारखा! आणि दुसऱ्या आठवड्याच्या तिसऱ्या दिवशी एका मैत्रिणीचा मेसेज आला: मला नको वाटतंय, मी थांबते.

लेक चिडली. ‘फक्त चार दिवस राहिलेत! सगळा डेटा खराब होईल. आई, मी तिला फोन करते, तिला नीट समजावते. ती माझी बेस्ट फ्रेंड आहे, माझ्यासाठी करेल ती.’

मी काहीच बोलले नाही. माळ सुचवली तेव्हा माझा चेहरा असाच असणार, एवढंच मनात आलं. आपली मुलगी गोड आहे, कुणाचं वाईट चिंतत नाही, आणि तरी चार दिवसांच्या आकड्यांसाठी ती मैत्रिणीला गळ घालायला निघाली होती. सिनेमातले ते शास्त्रज्ञही अगदी आपल्यासारखे असतात. एवढं छान चाललंय, आता कसं थांबायचं, इतकंच त्यांना वाटत असतं.

ती फोन हातात घेऊन येरझाऱ्या घालत होती. फ्रिजवर चुंबकाने फॉर्म लावलेला होता. तिची नजर गेली असावी. बराच वेळ तिथे उभी राहिली. मग टाइप केलं, ‘ओके. नो प्रॉब्लेम. थँक्यू.’ मैत्रिणीला कारण विचारलं नाही. फॉर्ममध्ये तसंच लिहिलं होतं ना, कारण न देता.

तक्त्यात आता सात नावं आहेत. आठव्या रांगेत तिने लिहिलंय, ‘थांबली.’ मी म्हटलं, ही रांग काढून टाकली तर तक्ता नीट दिसेल. म्हणाली, ‘नको. टीचरना दिसू दे.’

तुमच्यापैकी बरेच जण माझ्यासारखंच काहीतरी बनवता हे मला माहीत आहे. तुमच्या मुलांनी कधी विचारलंय का, ‘तुम्ही बनवलेलं तुम्ही मला का वापरू देत नाही?’ काय सांगितलंत? खरंच सांगा. मला अजून नीट उत्तर सापडलेलं नाही.

आणि हो, येत्या शनिवारी आम्ही परत नाइल्सला जातोय. कुणी येणार असाल तर कळवा. डबा मी आणते.